दहाव्या गाण्यातली घंटी

नाही हो, फाटलेलं-बिटलेलं काही नाही, वाजवून बघा ना — जोरात वाजवा, हल्ली या घरात कुणी जोरात काही वाजवत नाही. ड्रमचा सगळा सेट विकायचाय. का म्हणजे? सोडला बँड. बावीस वर्षं आमचा ख्रिस्ती रॉक बँड, धाकटा भाऊ गाणार, मी ड्रमवर — देवाची स्तुती करायची तर छप्पर हललं पाहिजे हे माझं मत, पाळकसाहेबांचं वेगळं, ते कानात कापूस घालून पहिल्या बाकावर बसायचे. यंदा भाऊ म्हणाला, दादा, नाताळचा अल्बम करू. म्हटलं, करू. दहा गाणी त्यानेच लिहिली, आणि नऊ गाण्यांत बाळ झोपलंय! गोठ्यात झोपलंय, गवतावर झोपलंय, आईच्या मांडीवर झोपलंय — म्हणे, ड्रम नको, बाळ उठेल. रॉक बँड आहे आमचा! भर उन्हाळ्यात, माइक आवाज धरतो म्हणून पंखा बंद, आणि मी नऊ गाणी नुसता घाम पुसत बसलो.

बाळ ड्रमने उठतं हे याला सांगितलं कुणी? माझी मुलगी तान्ही होती तेव्हा तिची टोपली इथेच असायची, या मोठ्या ड्रमला टेकून. मी वाजवतोय तोवर गाढ झोप. थांबलो की भोकाड. आमची ही आतून ओरडायची, थांबू नका, माझं आवरायचंय अजून! हेच त्याला समजावत होतो, स्टुडिओत, सगळ्यांसमोर. ऐकेना. माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुला काय ठाऊक बाळ कशाने उठतं, तुझ्या घरी कुठे —

तिथे जीभ चावली. पण लागायचं ते लागलं होतं. आदल्या वर्षी मुलगा झाला होता त्याला. चार दिवस होता. तीच टोपली आम्ही धुऊनपुसून त्याला दिली होती, आणि दवाखान्यातून रिकामी परत आणली तीही मीच — आणि मीच हे बोललो. त्याने कागद सारखे केले, म्हणाला, पुढचं घेऊ.

दहावं ना? दहाव्यात बाळ उठतं. अगदी शेवटी, डोळे उघडतं, बस. तिथे एक घंटी आहे, एकदाच. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, मी वाजवतो. भाऊ म्हणाला, नको, दादा वाजवेल. मी त्याला तसं बोलून तास झाला नव्हता. मला वाटलं, उट्टं काढतोय — अल्बमच्या पाकिटावर छापलंयसुद्धा, माझ्या नावापुढे ‘घंटी’! वाजवली एकदा, घंटी तशीच खिशात घालून घरी आलो, आणि त्या दिवसापासून मी गेलोच नाही तिकडे. आणि उठणारं बाळ एकच होतं हो त्या अल्बमात. ते त्याने मला दिलं. हे आत्ता तुमच्याशी बोलताना लक्षात येतंय, सात महिन्यांनी.

असो. तुम्ही उचला. मोठा ड्रम आडवा काढा दारातून, झांजा वेगळ्या गुंडाळा. ते काय घेतलंत हातात? ती नाही. ती सेटमधली नाही. रविवारी कार्यक्रम आहे बँडचा, येणार नाही म्हणून कळवलं होतं मी — ठेवा म्हटलं ना खाली.

हळू. वाजेल.