हेवीच्या लायसनची टेस्ट

चहा निवायच्या आत सांगतो, गड्यांनो. पलटणीत वीस वर्षं मोठ्या गाड्या चालवल्या. रिटायर होऊन बंद गाड्या ओढायची टोचनची गाडी घेतली, तर म्हणे हेवीचं लायसन काढा! गेलो टेस्टच्या मैदानावर. साहेब नुकतेच जेवून आलेले. शेजारी बसले आणि म्हणाले, "मागं ती बंद जीप अडकवा. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

निघालो. बंद गाडी अशी ओढावी की आत बसलेल्याला पाळण्यात बसल्यागत वाटावं, ही आपली शिकवण. दोन्ही अंगाला उसाला पांढरे तुरे आलेले, वारा लय गोड. कृष्णेचा पूल गेला, ऊस सरला, द्राक्षाच्या बागा लागल्या. मला सपनात गाडी चालवल्यागत वाटाय लागलं. बाजूला बघतो तर साहेब गाढ झोपलेले.

पण हुकूम म्हंजे हुकूम. थांबलो न्हाई.

तासगावात बेदाण्याच्या शेडपाशी साहेब दचकून उठले. "कुठं आलो हो?"

"तासगावात."

"अहो, थांबायचं ना!"

"तुमी सांगितलंच न्हाई."

साहेब डोळे चोळत म्हणाले, "बरं, ओढता झकास. फक्त रिव्हर्स बघायचा राहिलाय."

म्हणलं, "मग साहेब, मैदानापर्यंत उलटीच घेऊ का?"