धवल्यातली पाल

(कोपर, १९९७, रविवार दुपार. देवळाच्या सभामंडपात हौसाबाईंनी लग्नाचा पहिला धवला नुकताच गाऊन संपवला आहे. साऊंडवाल्या दौलतने तो रेकॉर्ड केला आहे; बायका आणि केबलवाला गोपीनाथ दुसऱ्या धवल्याची वाट बघत बसले आहेत.)

दौलत: ...म्हणून सांगतो मावशी, तुमचा आवाज आजपासून अमर झाला! गंजणार नाही, कुजणार नाही, उंदीर खाणार नाही. सगळा आकड्यांत उतरलाय. शून्य आणि एक. डिजिटल! घ्या, हेडफोन लावा.

हौसाबाई: ...पाल हाय.

दौलत: काय?

हौसाबाई: माझ्या गान्यात पाल चुकचुकते. ही बघ. परत. नवरीला हलद लावतंय न वर पाल. कुनाचा संसार मोडाचा हाय रं तुला?

दौलत: पाल कुठली, मावशी? मशीन जपानी आहे.

हौसाबाई: पाल पन जपानीच असंल.

गोपीनाथ: आत्या, बघू. ...टिकटिक आहे खरी. दौलतशेठ, मिक्सर इथे, मग रेकॉर्डिंगची मशीन कुठाय?

दौलत: देवळाच्या ऑफिसात. एसी तिथेच आहे. मशीनला गरम चालत नाही, भाड्याने देणाऱ्याने देतानाच बजावलंय.

हौसाबाई: मी घामानं भिजलंय, न मशीनला एशी.

गोपीनाथ: आणि मधे वायर कुठली टाकली?

दौलत: डिजिटलची आली होती हातभर. पुढे टेपरेकॉर्डरची साधी वायर जोडून लांब केली. पिन तीच, भोक तेच! बावीस वर्षं साऊंड करतोय मी. टेंभी नाक्याची हंडी माझ्या भोंग्यांवर फुटते. तू केबलवाला, सिरियली दाखवतोस. तुला काय कळतंय?

गोपीनाथ: सिरियलीच कळतात. शेठ, चुकीची वायर टाकली की टीव्हीत एका सुनेच्या दोन सुना दिसतात का नाय? सिग्नल टोकाला आपटून मागे येतो, म्हणून. तुझ्या टेपरेकॉर्डरचा आवाज म्हशीसारखा, कुठल्याही वायरीतून रमतगमत जाईल. हे शून्य-एक पळत सुटलेले. लांबच्या वायरीत एकमेकांच्या पायात येतात, मशीनला आकडा लागत नाय, की झाली टिक. ह्यांना पंचाहत्तर ओहमची वायर लागते.

दौलत: ती आज कुठून आणू? दुकानं बंद. उद्या सकाळीच मावशी हॉस्पिटलात, परवा घशाचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणालेत, आवाज राहील किंवा न राहील. उद्यावर ढकलायला उद्याच नाही रे.

गोपीनाथ: माझ्या खांद्यावर काय आहे?

दौलत: केबल टीव्हीचं भेंडोळं.

गोपीनाथ: पंचाहत्तर ओहम. पिना काढ, सोल्डरिंग गन तापव.

दौलत: ...धर. जपून. लागली? लागली! मावशी, तोच धवला, पहिल्यापासून.

हौसाबाई: आख्खा?

दौलत: आख्खा. आणि मग बाकीचे सगळे.

गोपीनाथ: सांज झाली, झाले ना सगळे धवले? आता लाव आत्याच्या कानाला.

दौलत: ऐका मावशी.

गोपीनाथ: आत्या? पाल?

हौसाबाई: गप ऱ्हा. ...ही म्हातारी बरी गाते रं. माझ्या आयसारखी.

दौलत: गोपीनाथ, तुझ्या पाया पडू का? गेल्या गणपतीत तुझी वायर माझ्या मांडवाच्या बांबूला आडवी आली, ती मीच कापली होती.

गोपीनाथ: ठाऊक आहे. आख्ख्या कोपरची मॅच गेली. लोकांनी माझ्या आईची विचारपूस केली.

दौलत: तरी आलास?

गोपीनाथ: माझ्या हळदीला आत्या रात्रभर गायली. तुझ्या तोंडाकडे बघून नाय आलो.

दौलत: ते बरं केलंस. मावशी, आज मागाल ते देतो. हा दौलत नाही म्हणणार नाही.

हौसाबाई: आवाज ठेवलास ना नीट?

दौलत: ठेवला.

हौसाबाई: जानार नाय ना?

दौलत: नाही मावशी. आता कुठेच जाणार नाही.

हौसाबाई: मंग भायेर गोलेवाला हुबा हाय. गल्यापायी साठ वरसां बरफ चाखला नाय. एक कालाखट्टा आन.