लाल टोक वर

माझी पतंगबाजी काऊन सुटली, ते घरी आईसमोर इचारू नका, इथंच ऐका. दुबईच्या मेहुण्यानं मले चार दोऱ्यांची भली मोठी पतंग आणली होती. दोन हातांत दोन मुठी, अन् हर मुठीच्या दोन्ही टोकांले एक-एक दोरी. त्यानं एवढंच सांगितलं, "लाल टोक वर, पांढरं खाली."

दसरा झाल्यावर हिंगणीले धरणाजवळ गेलो. पतंग चढे अन् डावीकडे गोता खाऊन आपटे. माझा सेलूचा दोस्त विनोद संक्रांतीचा पक्का पतंगबाज. तो म्हणे, "झुकून राह्यली, कन्नी बांध." वजनासाठी उजव्या कडेले रुमाल बांधला. पुढच्या रविवारी टॉवेल. महिनाभरात कापड फाटलं, अन् वारा सुटला तरी मले रडू ये.

शेवटी मेहुण्याले फोन लावला.

तो म्हणे, "भाऊजी, लाल टोक वरच आहे नं?"

मी मुठी पाहून सांगितलं, "डावीची तं दोन्ही टोकं लालच आहेत."

"मंग डावी मूठ तुमी उलटी धरून राह्यले."

आतून आई बोलली, "दसऱ्याले अवजारांसंगं मीच कुंकू लावलं त्या मुठीले. एका टोकाले आधीच लावलेलं होतं. दुसरं बिचारं तसंच होतं."