उठायची लाज

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि एक सांगा. माणसाला लाज कधी वाटते — पडताना, की उठताना? पडताना म्हणताय? अहो, कुठलं! ऐका मग.

बोरवाडीत केरबा नावाचा बँडवाला होता. पिपाणी अशी वाजवायचा, की घोड्यावरचा नवरदेव खाली उतरून नाचायला लागायचा! पण वरात संपली, की केरबाची वरात निघायची — चौघांनी उचललेला, मागं पोरं, पुढं कुत्री! सगळं गाव बघायचं. लाज? औषधालासुद्धा नाही!

शेवटी त्याची बायको शेवंता, तिनं गाठोडं बांधून दारात ठेवलं. म्हणाली, "आमच्या हरिबादादाकडं बघा जरा! सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही! सोमवारपर्यंत दारू सोडायची काही सोय लावा. नाहीतर मी निघाले दादाकडं — कायमची!"

केरबा हबकला. शेवंता बोलली म्हणजे करणार, हे त्याला ठाऊक होतं. आणि बायकोवर जीव होता हो त्याचा! गेला धावत डॉक्टरकडं.

डॉक्टर म्हणाले, "दारू सोडणाऱ्यांच्या मिटिंगा भरतात. पैसे लागत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. वाटलं तर बोला, नाहीतर चहा प्या आणि ऐका. तुमच्याच गावात शाळेत भरते की!"

"गावात?" केरबा दचकला. "आणि कुणी बघितलं तर?"

आता काय बोलावं! काय हो पखवाजवाले, हसताय का? गटारीत लोळताना अख्ख्या गावानं बघितलं ते चाललं — आणि शाळेची पायरी चढताना कुणी बघितलं, तर म्हणे अब्रू जाईल!

मग हा बाहेरगावच्या मिटिंगा बघत फिरायला लागला. वरमाय मुली बघत फिरते ना, तसा! एका ठिकाणी म्हणाला, "छे! हे फारच पिणारे. आपलं काय एवढं नाही." दुसरीकडं म्हणाला, "हे तर काहीच प्यायले नाहीत! यांना माझं दुःख काय कळणार?" तिसरीकडं खुर्च्या मोडक्या, चौथीकडं चहा गुळमट! अरे केरबा, गुत्त्यावर कधी खुर्ची बघितलीस का रे बाबा? तिथं ग्लास विसळलाय का, एवढं तरी विचारलंस?

असं करता करता रविवार उजाडला. गाठोडं दारात तसंच! केरबानं एसटी पकडली आणि पार तालुका ओलांडून गेला. तिथं एका धर्मशाळेत मिटिंग होती. इथं आपल्याला काळं कुत्रं ओळखत नाही, म्हणून खूश! पंधरावीस माणसं गोल करून बसली होती. कोपऱ्यात एक जण ऐन चैत्रात मफलर गुंडाळून बसलेला. ज्याची त्याची थंडी!

नाव सांगायची पाळी आली. केरबाला वाटलं, खरं कशाला सांगा? आणि माणूस घाईत कुणाचं नाव घेतो? जे रोज कानीकपाळी ऐकतो त्याचंच! उभा राहून, छाती काढून म्हणाला, "मी हरिबा!"

कोपऱ्यातला मफलर खोकला. खाली सरकला. आत कोण असेल? बरोबर, मंडळी — साक्षात हरिबा! सुपारी न खाणारा!

केरबानं तो खोकला ओळखला. त्याला पळावंसं वाटलं. पण खरं संकट कुणाचं होतं? हरिबाचं! बहिणीनं त्याला देव्हाऱ्यात बसवला होता. केरबाच्या एका शब्दासरशी खाली आला असता. हरिबा गप्प राहिला असता तरी चाललं असतं. पण तो उठला. मफलर सोडला.

"दाजी, बसा," तो म्हणाला. "हरिबा मी आहे. मी दारुडा आहे. बरीच वर्षं घेतली नाही, ती या खोलीमुळं. बहिणीला हे सांगायचं धाडस मात्र अजून झालं नाही."

केरबाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणाला, "मी केरबा. बोरवाडीचा. मीपण दारुडाच."

संध्याकाळी घरी आला. शेवंतानं आधी वास घेतला — बायका तेवढं करतातच! मग म्हणाली, "कुठं होतात?"

"मिटिंगला."

"आणि कोण होतं तिथं?"

बघा मंडळी, काय संधी! जन्मभर हिनं ज्या भावाचं नाव ऐकवलं, त्याचा हिशोब एका वाक्यात चुकता झाला असता!

"होती माणसं," केरबा म्हणाला. "चांगली होती."

शेवंतानं गाठोडं उचललं आणि आत नेलं. "शिका जरा माझ्या दादाकडनं," ती आतून म्हणाली.

"शिकतोय बाई, शिकतोय!"

आणि पुढची मिटिंग? केरबा बोरवाडीच्या शाळेत गेला! दिवसाढवळ्या, पारावरच्या सगळ्यांसमोरनं, ताठ मानेनं!

तर बाप्पांनो, पडताना तुम्हाला गाव बघतं, ते तुम्हाला चालतं. मग उठताना बघितलं तर काय बिघडलं? आणि शेजारचा उठत असेल, तर त्याचं नाव चावडीवर नेऊ नका. म्हणा आता, विठ्ठल विठ्ठल! टाळ वाजू द्या जोरात — आणि तिकडं खांबाआड, एवढ्या उकाड्यात मफलर गुंडाळून बसलेले पाव्हणे, या, पुढं या. जागा आहे.