बुजवलेली चीर

माझं नाव मुनीर, लातुरात समदे मुनीर मिस्त्री म्हनतात, काम वेल्डिंगचं. पन मूळचा मी किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यातला, अब्बा गवंडी, दगडमातीच्या भिंती घालायचे अन् मी त्यांच्यामागं चिखल तुडवायचो. भूकंपाच्या आधी लई दिवस बारके बारके हादरे बसत व्हते, भांडी वाजायची, एकदा आमच्याच घराच्या भिंतीला वरून खालपर्यंत चीर पडली. अम्मी म्हनली मला हितं निजायचं भेव वाटतं. अब्बा म्हनले चिखल भर रे, गवंड्याच्याच घराला चीर दिसली तर काम कोन देईल. मी भरली, वरून सारवली, लई सफाईनं, अम्मी बी निर्धास्त झाली. काय सांगू तुमाला, त्याच भिंतीखाली अम्मी गेली. आमी बापलेक परगावी कामावर व्हतो म्हनून वाचलो.

मंग लातूर धरलं. हितं शिकवनीचे क्लास वाढले तशी चाकूर, भोकरकडची मान्सं खोल्या करून ऱ्हाऊ लागली. मायबाप गावाकडं, थोरलं पोरगं क्लासला, रांधाया आजी येती अन् धाकटं लेकरू बी तिच्याच कडेवर येतं. थोरल्याला अभ्यासाला शांतता पायजे, म्हनून ही दोघं दिवसभर बागेत. हे पालिकेच्या एका इंजिनियर साहेबानं हेरलं, मानूस चांगला, खोटं का बोलू. एकाच लोखंडी सांगाड्यावर एका अंगाला लेकरांचा झोका काढला, दुसऱ्या अंगाला म्हाताऱ्यांना धरून खांदे ताणायची दांडी, म्हंजे आजीची कसरत व्हावी अन् नजर नातवावर ऱ्हावी. नकाशात खांबाचा खड्डा मुरूम लागेस्तोवर खोल व्हता. ठेकेदार म्हनला परवा उद्घाटन हाय, दोन फूट बास. हितली माती काळी, पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात भेगाळती, हे शेंबडं पोरगं बी सांगल. मला म्हाईत व्हतं, तरी खांब म्याच उभा केला.

उन्हाळ्यात खांबाच्या बुडाशी चीर पडली. ठेकेदार म्हनला सिमेंट भर अन् रंग मार. अन् भरली की मी, लई सफाईनं! घरी हात धुताना अम्मी याद आली.

चाकूरच्या गंगाबाई रोज येतात, तीन वर्षांचा नातू घेऊन. मी म्हनलं मावशी, ह्याच्याजवळ येऊ नका, बूड पोकळ झालंय. तर हसल्या, म्हनल्या, तुमीच बसवलंय न्हवं मिस्त्री, मंग कशाचं भेव?

त्याच दिवशी छिन्नी आनून माझंच सिमेंट फोडलं, समद्यांना चीर दिसू द्या म्हनलं. आधी चिरेत बोट जायचं, आता पंजा जातो. झोक्याच्या साखळ्या काढल्या तर ठेकेदारानं नव्या लावल्या, वर मलाच दम दिला. साहेबाची बदली झाली, पालिकेत अर्ज दिला तो कुठं गेला कुनास ठाऊक. आता दुकान बंद ठेवून बागेतल्या ह्या बाकड्यावर बसून असतो, कुनी आलं की हाकलतो. लेकरं येडा मिस्त्री म्हनतात. म्हनू द्या.

उद्या दुसरा मिस्त्री येनार म्हनं, चीर बुजवाया. चांगला कारागीर हाय, माझ्याच हाताखाली शिकलाय. त्यानं भरल्यावर कुनाला दिसनार बी न्हाई. अल्ला समद्यांच्या लेकरांना राखो.