शाबूत पोचायचं शहर

पेणच्या स्टँडवर मी रोह्याच्या गाडीची वाट बघत होते. शेजारी त्याच गाडीला थांबलेला एक मूर्तिकार, त्याची बायको आणि इंग्रजी शिकवायला परदेशातल्या दोन शाळांनी बोलावलेली त्यांची लेक.

"सुरभे, मस्कतच घे."

"बाबा, बँकॉकचा फॅक्स आलाय. राहायला खोलीपण देतायत."

"बँकॉकला पाठवलेल्या गणपतीची सोंड तुटली. मस्कतला आपल्या मूर्तीचा कधी टवका उडाला नाय."

"मला काय पेंढ्यात गुंडाळून पाठवणार?"

"हसू नको. मी शाबूत पोचायचं बोलतोय."

"आई, तू तरी सांग गो बाबांना."

"मी काय सांगू? एवढे गणपती तिकडं गेले, एक तरी परत आलाय काय?"

रोह्याची गाडी लागली. तिघांतलं कुणीच उठलं नाही.