ऊठ म्हणलं की उठायचं

(अंथुर्णे, तालुका इंदापूर. साल १९९६, दिवाळी तीन आठवड्यांवर. सकाळचे अकरा. मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेली कौसल्या दारातच उभी आहे. पिशवी अजून खांद्याला आहे.)

कौसल्या : कोंबडं कापलंत? त्या माणसासाठी तुमी कोंबडं कापलंत, आप्पा?

आप्पा : मग? पाव्हणा दारात आल्यावर नुसतं पाणी पाजून लावून द्यायचा? मुंबईवरनं गाडी करून आल्ता बिचारा.

कौसल्या : बिचारा! माझ्या खोलीचा मालक हाय त्यो. मला खोलीतनं बाहेर काढायचा कागद घिऊन आल्ता, अन् तुमी त्याला रस्सा वाढलात!

आप्पा : मालक हाय, तूच म्हंतीस न्हवं? भिंती त्याच्या, पत्रा त्याचा. त्यानं मागितली, मी दिली.

कौसल्या : तुमी दिली! चार वर्सं मी ऱ्हाती वर्सोव्याला. तुमी तीन रात्री झोपलाय त्या खोलीत सगळ्या मिळून. त्यातबी दोन रात्री मासळीचा वास येतोय म्हणून घोंगडं घिऊन गॅलरीत गेला हुता. अन् म्हणं मी दिली!

सिंधुबाई : अगं, आत तर ये. रातभर बसून आलीस. दारात हुबी राहून भांडू नगं, लोकं बघत्यात. च्या टाकते.

कौसल्या : बघू देत. च्या नगं मला. आये, तू हुतीस का तवा?

सिंधुबाई : हुते की, चुलीफुडं. मीच रस्सा केला. मला काय ठावं गं बाई? मला वाटलं, तुझं काय चांगलंच सांगाया आलाय. लई ग्वाड बोलत हुता. जाताना माझ्या पाया पडला.

कौसल्या : तुझ्या पाया पडला, अन् माझ्या पायाखालचं काढून नेलं. आप्पा, कागदावर काय लिवलं हुतं?

आप्पा : मला कुठं वाचाय येतंय? सही तेवढी येती, ती केली. त्यानं वाचून दावलं मला. माझी मुलगी दिवाळीच्या आत खोली रिकामी करून देईल, असं लिवलं हुतं. अन् नुसती सही न्हाय. देव्हाऱ्यातला भंडारा उचलून शब्द दिला मी त्याला.

कौसल्या : भंडारा बी उचलला! वा! काय ऱ्हायलं मग? माझी ट्रंक बी त्याच्या गाडीत टाकून द्यायची हुती!

आप्पा : आवाज खाली कर, कौशे. बापाशी बोलतीयास.

कौसल्या : बापाशीच बोलतीया. ॲग्रीमेंटवर तुमचं नाव का हाय, ठावं हाय का तुमास्नी? एकट्या बाईला मुंबईत कुणी खोली देत न्हाय म्हणून. सरकारी दवाखान्यात नर्स हाय म्हणून सांगितलं, पगाराची चिठ्ठी दावली. तरी जो त्यो इचारतो, नवरा कुठाय, बाप कुठाय. वीस-बावीस दारं हिंडले. शेवटाला ह्याची आई, द्वारकाबाई, ती म्हातारी म्हणली, बापाचं नाव लाव कागदावर अन् ऱ्हा. म्हणून तुमचं नाव. भाडं माझं, पाण्याची लाईन माझी, पावसाळ्यात गळणाऱ्या पत्र्याखाली पातेली मी मांडायची. अन् उठायची सही तुमची!

आप्पा : नाव माझं हाय म्हणूनच इज्जत बी माझीच जाती. तीस वर्सं मेंढरं राखली मी. हितनं फलटण, फलटणवरनं घाट उतरून कोकणात. कुणाकुणाच्या रानात मेंढरं बसवली. रातभर बसल्याली मेंढरं लेंडी टाकत्यात, रानाला खत हुतंय, मालक धान्य घालतो. पर मालक ऊठ म्हणला, की दुसऱ्या दिशी दिस उगवायच्या आत घोड्यावर बिऱ्हाड टाकून आमी वाटंला. धनगराला कुणी दुसऱ्यांदा ऊठ म्हणलं न्हाय. म्हणून तर फुडल्या साली त्येच मालक आमची वाट बघत बसायचे.

कौसल्या : मी मेंढरू न्हाय, आप्पा.

आप्पा : मी कुठं म्हणलं तू मेंढरू हायस?

कौसल्या : मग त्या रानाचं अन् माझ्या खोलीचं काय? ते घर हाय माझं! तुमास्नी काय सांगितलं त्यानं? आई वारली, खोली दुरुस्त करायची हाय, असंच न्हवं?

आप्पा : व्हय. भिंत कलती झालीया म्हणला. एखांद्या दिशी पोरीच्या अंगावर पडंल म्हणला.

कौसल्या : खोटारडा मेला! चारी खोल्या पाडून समुद्राच्या तोंडाला हाटेल काढायचंय त्याला. चार महिनं झालं, रोज एक नवं सोंग काढतोय. आधी जिन्यातला दिवा काढला. मग संडासाला कुलूप घातलं. आमी चारी बिऱ्हाडं एक झालो. खालचा रिक्षावाला, बाजूचा टेलर, मासळी विकणारी मावशी अन् मी. ठरलं, काय बी झालं तरी सही कुणीच करायची न्हाय. त्या टेलरचं पोरगं तापानं फणफणलं हुतं, ह्यानं दोन दिस पाणी तोडलं, तरी त्यानं सही केली न्हाय. अन् पयली सही कुणाची? माझ्या बापाची!

सिंधुबाई : पाणी तोडलं? आजारी लेकराचं?

कौसल्या : व्हय. तुझ्या पाया पडला न्हवं, त्यानंच. काल त्यो कागद घिऊन जिन्यात हुबा हुता, सगळ्यास्नी दावत. मावशी मला म्हणली, सिस्टर, तुमचे वडील फुटले. चार महिनं त्यांच्या गळ्यात गळा घालून ऱ्हायले, अन् काल वर जाताना एकानं दार उघडलं न्हाय.

आप्पा : मला कुणी सांगितलं हुतं ह्यातलं? तू सांगितलंस? भवानीनगरला दुकानात फोन हाय, निरोप देत्यात. चार महिन्यात एक फोन केलास?

कौसल्या : केला असता तर काय म्हणला असता तुमी?

आप्पा : म्हणलो असतो...

कौसल्या : हेच म्हणला असता. सोड अन् गावाकडं ये.

आप्पा : मग काय चुकलं? हाय काय त्या वर्सोव्यात? दहा बाय दहाची खोली, निजलं की पाय दाराला लागत्यात. पहाटं चारला होड्या लागल्या की बायकांचा कालवा. समोर दोरीवर बोंबील. सांज झाली की गाड्या, भेळवाले, कुत्री, अन् त्या सिनेमावाल्यांचं दिवं. नारळी पुनवंला बेंजोनं माझं काळीज धडधडाय लागलं हुतं. माणूस हाय का तितं शांत झोपणारं? हितं दोन एकर ऊस हाय, दारात म्हस हाय.

कौसल्या : त्यो कालवाच पायजे मला! पहाटं चारला डोळा उघडला तर खाली बायका मासळीचा भाव करत असत्यात, भांडत असत्यात, हसत असत्यात. मी नाईट करून आले की मावशी वरडती, सिस्टर आली, कालवण द्या तिला. कुणी इचारत न्हाय, नवऱ्यानं का टाकली. ह्या गावात दळणाला गेलं तरी इचारत्यात! सांजच्याला वाळूत जाऊन बसते मी. अर्धं गाव असतं तितं, पर कुणी बघत न्हाय माझ्याकडं. माझ्या कुलपाची किल्ली माझ्याकडं असती, आप्पा. जल्मात पयल्यांदा.

आप्पा : हितं काय किल्ली लागती? हे घर काय परक्याचं हाय?

कौसल्या : ते मला इचारताय? पणदऱ्याला नांदत हुते, पाच वर्सं पोर झालं न्हाय, सासू म्हणली ऊठ, मी उठले. हितं आले. मल्हारचं लगीन झालं, दोन महिन्यात त्यो म्हणला, ताई, घर लहान हाय, तू कुठंतरी तुझं बघ. तुमी ओसरीवर बसून सुपारी कातरत हुता. तोंडातनं शब्द काढला न्हाय तुमी. मी उठले! आता तिसऱ्यांदा म्हणत्यात ऊठ, अन् आता तर माझा बापच म्हणतोय. न्हाय उठणार मी. मुळीच न्हाय!

आप्पा : म्हंजी माझा शब्द खोटा पाडणार? खंडोबाफुडं दिल्याला?

कौसल्या : माझं घर जातंय, अन् तुमास्नी शब्दाचं पडलंय!

आप्पा : शब्दाशिवाय दुसरं काय हुतं माझ्याकडं? जमीन हुती का जुमला? शब्दावर ऱ्हायलो म्हणून ह्या गावानं ठिवून घेतलं आमास्नी. जोतीरामतात्यानं आपल्या रानात जागा दिली, मागनं दोन एकर इकत दिलं. कशावर? आप्पा धनगर शब्दाचा पक्का हाय, ह्यावर!

सिंधुबाई : पुरं करा आता.

आप्पा : काय पुरं करा?

सिंधुबाई : ठिवून घेतलं म्हणं! अठ्ठावीस वर्सं ऐकतीया. पोरांस्नी सांगता, सोयऱ्यास्नी सांगता. मी आपली गप बसते. आज न्हाय बसणार.

आप्पा : सिंधे, मधी पडू नगं.

सिंधुबाई : पडणार. कौशे, ऐक. तुझ्या टायमाला मला दिस भरलं हुतं. आमची मेंढरं तात्याच्या ह्याच रानात बसली हुती, हितंच, ही म्हस बांधलीया तितं. चार दिस झालं अन् तात्या आला. म्हणला, उद्या नांगर धरायचाय, उठा. ह्यांनी लगीच घोडं आणलं. माझ्या पोटात कळा सुरू झाल्याल्या. मी म्हणलं, दोन दिस मागून घ्या. हे म्हणलं, आपल्यात मागायची रीत न्हाय. चल, वाटंत बघू.

कौसल्या : वाटंत बघू?

सिंधुबाई : असंच म्हणलं. इचार की, हितं बसल्यात. घोड्यावर बाज टाकली, पातेली टाकली. मी चुलीपशी बसले ती उठलेच न्हाय. चुलीचं दगड दोन्ही हातानं धरलं. तात्या आला, म्हणला, उठा की वो बाई. म्हणलं, न्हाय उठत, नांगर घाला माझ्यावरनं! शिव्या दिल्या मी त्याला. ह्यांस्नी बी दिल्या.

आप्पा : लई वंगाळ बोलली हुतीस.

सिंधुबाई : मग काय आरती वोवाळायची हुती? तात्या गेला अन् बायकूला लावून दिलं, कुशाबाईला. ती आली ऊन पाणी घिऊन. दिस मावळायला तू झालीस. बारा दिस मी हालले न्हाय. तवर हे लाजेनं तात्याच्या रानात फुकट राबलं. त्याला माणूस बरा वाटला, त्यानं ठिवून घेतलं. ते बी खरं हाय. पर मी उठले असते तर कुणाला ठिवलं असतं? हे घर शब्दावर झालं न्हाय, पोरी. मी उठले न्हाय म्हणून झालं.

कौसल्या : आप्पा? खरं हाय हे?

आप्पा : खरं हाय. मला तोंड दावाय जागा ऱ्हायली न्हवती तवा. अजून आठवलं तर मान वर हुईत न्हाय माझी. चार गावचं धनगर हसलं हुतं.

सिंधुबाई : हसू देत. ती हसणारी अजून हिंडत्यात माळानं. आता कौशे, तू सांग. कागद तर गेला. त्यो काय करणार?

कौसल्या : वकिलाला इचारलं मी. त्यो म्हणला, नुसत्या कागदावर ओढून काढता येत न्हाय, कोर्टात जावं लागंल, वर्सं लागतील. पर खोली रिकामी दिसली अन् त्यानं आपलं कुलूप घातलं, की संपलं. मी ड्युटीवर जाते बारा-बारा तास. तवाच घालणार त्यो. आज मावशीच्या हातापाया पडून तिला बसवून आलीया. तिचा बाजार बुडतोय. लई तर उद्याच्याला बसंल.

सिंधुबाई : म्हंजी आत माणूस पायजे.

कौसल्या : माणूस पायजे. रातंदिस.

सिंधुबाई : अवो, ते माझं घोंगडं काढा ट्रंकंतनं.

आप्पा : कशाला?

सिंधुबाई : निघाले मी हिच्यासंगं. दीडची बारामतीची गाडी हाय, तितनं फुडं जाऊ.

कौसल्या : आये, तुला जमंल का? पाणी पाऊण तास येतं सकाळी. त्यो मालक वंगाळ हाय, दारावर लाथा मारतो.

सिंधुबाई : मारू दे की, दार त्याचंच हाय. अन् मासळीचा वास मला सांगू नगं. तीन सालं कोकणात उतरले मी, डोईवर चूल घिऊन.

आप्पा : सिंधे, मी भंडारा उचललाय. तू जाऊन बसलीस तर माझं काय ऱ्हायलं?

सिंधुबाई : तुमी उचललाय. मी हात बी लावला न्हाय. देवाला काय सांगायचं ते तुमी सांगा. तुमचं अन् त्याचं जुनं हाय.

आप्पा : अन् म्हशीचं? मल्हार दोन दिस कारखान्यावर असतो.

सिंधुबाई : तुमी काढा धार. मेंढरांची काढत हुता की.

कौसल्या : आप्पा, मी तुमास्नी चला म्हणत न्हाय. त्या माणसाफुडं हुबं राहून न्हाय म्हणा, असं बी म्हणत न्हाय.

आप्पा : व्हायचं न्हाय माझ्यानं. दिल्याला शब्द तोंडानं माघारी घेणं मला जमायचं न्हाय. मारलंस तरी न्हाय.

कौसल्या : नका घिऊ. फकस्त माझ्या नावानं आता कुठं सही करू नका. मला इचारल्याबिगर न्हाय. पणदऱ्याचं लगीन बी तुमी असंच ठरवलं हुतं, मला न इचारता. तितंबी शब्दच दिला हुता तुमी.

आप्पा : ...न्हाय करणार.

सिंधुबाई : चल गं. भाकरी बांधून घेतल्या, वाटंत खाऊ. राग असला तरी पोटात ढकलायचं.

कौसल्या : येते, आप्पा.

आप्पा : सिंधे.

सिंधुबाई : आता काय? गाडी चुकंल.

आप्पा : समुद्राच्या अंगाला गॅलरीत खिडकी हाय न्हवं, तिची कडी ढिली हाय. बाहेरनं ढकललं तरी उघडती. आतनं लाकूड घालून मगच झोप.